पहिलारूचे दिवस

मुकादमानं गोठ्याच्या दाराच्या फळीवर खडूनं लिहिलेली तारीख सगळ्या घराला पाठ झाली होती. कालवड भरवली तो दिवस. तिथून नऊ महिने नऊ दिवस मोजायचे आणि कालवडीनं व्यायचं, असा त्याचा साधा हिशेब होता. कालवडीला हा हिशेब मान्य नव्हता. वर अठरा दिवस उलटले होते आणि मुकादमाचा पारा रोज सकाळी जरा वरच्या खुणेवर चढत होता.

"बघितलंस का?" तो दारातूनच म्हणाला.

बायको बघतच होती. शेपटीच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना, तिनं बोटं दाबली. जनावर व्यायला आलं की तिथले दोन ताठ दोर सैल पडतात, बोट लोण्यात शिरावं तसं आत जातं. हे दोर अजून ताठ होते. कास भरत आली होती, पण सडांवर सुरकुत्या तशाच होत्या. सडांना तुकतुकी आली नव्हती.

"अजून दोन-तीन दिवस आहेत."

"दोन-तीन दिवस! परवाही हेच म्हणालीस. माणसाची बाई एवढे दिवस वर गेली तर पोटातलं पोर मरतं. हिच्या पोटात काय दगड आहे?"

"पहिलंच वेत आहे. पहिलारू मागंपुढं होते."

"तू मला शिकवू नकोस."

दगडाच्या खाणीवर मुकादम पन्नास माणसं हाकत होता. तिथं त्यानं एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती नव्हती. तीच सवय तो घरी घेऊन यायचा, बूट तेवढे बाहेर काढायचा. त्यानं पायाजवळची बादली लाथाडली. पाणी बायकोच्या अंगावर गेलं, बादली कालवडीच्या गुडघ्यावर आपटली. कालवड दचकून मागं सरली, तेव्हा त्यानं तिच्या तोंडावर मूठ मारली. मग बायकोच्याही. दोघींना सारखंच लागलं असणार, कारण त्यानं दोघींना सारखंच मारलं होतं.

ओसरीत त्याची आई धान्य निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. या घरात आवाज झाला की मान खाली घालून हातातलं काम दुप्पट वेगानं करायचं, हे ती नवऱ्याच्या काळापासून शिकली होती.

बायकोनं ओठाचं रक्त पुसलं आणि बादली उचलून पुन्हा विहिरीवर गेली. अजून तीन दिवस, ती मनाशी म्हणत होती. फक्त तीन दिवस.

फळीवरची तारीख चुकीची होती आणि हे तिला एकटीला ठाऊक होतं.

त्या तारखेला जनावरांच्या दवाखान्यातला टोच्या येऊन कालवडीला इंजेक्शनानं भरवून गेला होता, हे खरं. त्याला सगळे टोच्याच म्हणत, त्याच्या बायकोसकट. पण ते टिकलं नाही. एकवीस दिवसांनी कालवड पुन्हा माजावर आली. सकाळपासून हंबरत होती, दाव्याला हिसके देत होती. मुकादम पंधरा दिवस खाणीवरच मुक्कामाला होता. सासू लेकीकडे गेली होती. टोच्या कावीळ होऊन पडला होता. माज एक दिवसाचा, तो गेला की पुन्हा तीन आठवडे. आणि जाताना मुकादम सांगून गेला होता, "ही आता गाभण राहिली नाही तर हिला बाजार दाखवतो. फुकट खाणारं तोंड मला नको."

कालवड दहा दिवसांची असतानाच तिची आई मेली होती. बायकोनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. स्वतःला मूल नाही म्हणून जनावराचं कौतुक, असं लोक म्हणायचे. म्हणोत. बाजार म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तिनं दावं सोडलं आणि बांध ओलांडून कालवड वरच्याच्या वळूकडे नेली.

वरचा म्हणजे मुकादमाचा धाकटा चुलतभाऊ. त्याची जमीन वरच्या अंगाला, म्हणून तो वरचा. चार वर्षांपूर्वी बांधावरून जुंपली तेव्हा वरच्यानं खोऱ्यानं मुकादमाची दोन बोटं चिरडली आणि मुकादमानं त्याचा जबडा मोडला. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. आपल्या घरातल्या कुणी वरच्याच्या अंगणात पाय ठेवला तर तो पाय तोडीन, असं मुकादमानं आईच्या आणि बायकोच्या समोर सांगितलं होतं, आणि तो बोलण्यापुरतं बोलणारा माणूस नव्हता.

त्या दिवशी वरच्यानं कालवडीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. त्याचा जबडा अजून वाकडाच होता. "जनावराला भांडण कळत नाही, वहिनी," एवढंच बोलून त्यानं वळू सोडला.

तेव्हापासून ती बोटांवर दुसरेच दिवस मोजत होती.

दुपारी मुकादम टोच्याला घेऊन आला. टोच्यानं शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर केली, हाताला साबण लावला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. कालवडीनं पाठ वाकवली. बायकोनं तिचं डोकं छातीशी धरलं.

"वासरू जिवंत आहे," टोच्या म्हणाला. "पाय चिमटला तर मागं ओढतंय. मुकादम, गर्भाशयाचं तोंड अजून मिटलेलं आहे. हिचे दिवसच भरलेले नाहीत."

"अठरा दिवस वर गेलेत आणि दिवस भरले नाहीत? तूच भरवलीस ना रे?"

"भरवली मीच. पण तेव्हाच धरलं असेल कशावरून?" टोच्यानं हात धुता धुता बायकोकडे पाहिलं. "वहिनी, मधे पुन्हा माज केला होता का हिनं?"

मुकादमही तिच्याकडे बघत होता.

आता खरं बोलून टाकावं असं तिला वाटलं. मग तिला मुकादमाची ती दोन वाकडी बोटं दिसली.

"नाही," ती म्हणाली.

"मग मला कळत नाही," टोच्या म्हणाला. "पण वाट बघा. हात लावू नका."

"कळा यायचं इंजेक्शन दे आणि मोकळी कर."

"तोंड उघडलं नसताना? मरेल ती. मी देणार नाही." टोच्यानं पिशवी उचलली. मुकादम त्याच्या आडवा उभा राहिला. टोच्या किडकिडीत माणूस, पण म्हणाला, "मारायचं तर मारा. पण इंजेक्शन मी देणार नाही." मुकादमानं त्याची पिशवी हिसकून उकिरड्यावर भिरकावली. टोच्यानं ती उचलली, बाटल्या फुटल्या का ते पाहिलं आणि मागं न बघता चालू लागला.

दुसऱ्या दिवशी दोर सैल पडायला लागले. सकाळी नख शिरलं, संध्याकाळी अर्धं बोट. मागून काचेसारखी चिकट तार लोंबू लागली. कालवड एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेत होती, मधेच वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, जणू तिथं कुणी टकटक केली होती. बायकोनं खाली कोरडा पेंढा पसरला. तिला इतका आनंद झाला की तिनं सासूला हाक मारून दाखवलं.

म्हातारीनं बोट लावून पाहिलं. "चांगलं चाललंय," ती म्हणाली. मग हळूच, "एवढे दिवस वर गेलेली असं वाटत नाही गं. आत्ता कुठं वेळेवर आलेली दिसतेय."

सून पेंढा सारखा करायला लागली. म्हातारीनं पुढं विचारलं नाही. पण तिनं फळीवरच्या तारखेकडे एकदा पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मुकादम खाणीवर गेलाच नाही. दहाच्या सुमारास तो दुकानातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. गवळी दूध लवकर उतरावं म्हणून गाईंना टोचतात तेच औषध. काचेच्या चार कुप्या आणि जाड सुई. त्यानं चारही कुप्या सुईत भरल्या.

"हे तर पान्ह्याचं औषध आहे," बायको म्हणाली. "टोच्यानं नको म्हणून सांगितलंय ना."

"पिशवीही धड सांभाळता येत नाही त्याला. बाजूला हो."

"अहो, नका. हात जोडते."

त्यानं तिला खांद्यानं ढकललं आणि कालवडीच्या मानेत सुई खुपसली.

पाव तास काही झालं नाही. मग कालवडीची शेपटी ताठ झाली, पाठ कमानीसारखी वर आली आणि तिच्या गळ्यातून बायकोनं आजवर कधी न ऐकलेला आवाज निघाला. ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली. कळांमधे श्वास घ्यायलाही फट नव्हती. पोट दगडासारखं घट्ट होत होतं. अर्ध्या तासानं पाणमोट फुटली, पेंढा भिजला आणि पिवळ्या खुरांची दोन टोकं दिसली. तिथंच ती अडली.

"बघ! आलं की नाही?" मुकादमाचा चेहरा फुलला. त्यानं वाट पाहिली नाही. दोरी आणली, दोन्ही खुरांना फास घातला, कालवडीच्या पुठ्ठ्यावर बूट रोवला आणि खेचलं. खाणीत अडकलेली शिळा खेचावी तसं खेचलं. कालवड घसरत मागं आली आणि कुशीवर आडवी झाली. तिचा खालचा ओठ दातांत सापडून फाटला. मागून लाल रक्ताची धार आली.

"फाटतेय ती! थांबा!"

"मेलेलं आहे ते. आत सडण्यापेक्षा बाहेर येऊ दे. दोरी धर म्हणतो ना!"

त्यानं दुसरा हिसका दिला. कालवडीचे डोळे पांढरे झाले. तेव्हा बायको दोरीवर पडली. दोरी आणि त्याचे हात दोन्ही तिनं अंगाखाली दाबले.

"उद्या भरतात तिचे दिवस! उद्या! तुमची तारीख खोटी आहे!"

"काय?"

"मी खोटं बोलले. तिनं माज केला होता. एकवीस दिवसांनी. तुम्ही खाणीवर होतात. मी तिला नेली." ती थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. "वरच्याच्या वळूकडे नेली. जिवंत आहे ते. तिला वेळ द्या, ती आपण होऊन मोकळी होईल. मला काय करायचं ते करा, पण दोरी सोडा."

मुकादमानं दोरी सोडली. एवढा शांत तो कधीच दिसला नव्हता.

मग त्यानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं गव्हाणीच्या दगडी कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. ती खाली पडली तेव्हा त्यानं बुटानं तिच्या बरगडीत लाथ घातली. "त्याच्या दारात गेलीस," तो म्हणत होता, प्रत्येक लाथेला तेच, "त्याच्या दारात गेलीस." बायकोनं डोक्यावर हात घेतले आणि कालवडीच्या पायांजवळ अंगाचं गाठोडं केलं.

"अरे, मरेल ती!" म्हातारी दारात येऊन ओरडली.

मुकादम थांबला. त्याला दम लागला होता. कोपऱ्यात खाणीवरची लोखंडी पहार टेकवलेली होती. ती त्यानं उचलली. "आधी त्याला बघतो," तो म्हणाला. "मग ह्या वासराला." आणि बांधाच्या दिशेनं निघून गेला.

गोठ्यात दोघी बायका आणि कळा देणारं जनावर उरलं. सुनेच्या कपाळातून रक्त डोळ्यात येत होतं. सासूनं ओलं फडकं तिच्या डोक्याला करकचून बांधलं.

"आता रडत बसायची वेळ नाही. ऊठ. दोरीचा फास काढ आधी."

सुनेनं फास काढला. सासू गुडघ्यांवर बसली, हाताला तेल चोपडलं आणि खुरांच्या बाजूनं बोटं आत सरकवली. घरात चार पिढ्यांच्या गाई याच हातांवर व्याल्या होत्या. गोठा मुकादमाच्या ताब्यात गेल्यापासून त्या हातांना कुणी विचारलं नव्हतं.

"तोंड पायावरच आहे. सरळ आहे गं! नुसतं दार अरुंद आहे." ती कालवडीशीच बोलायला लागली. "हळू माझे बाई. त्यानं घाई केली, आपण नको करायला."

तेल लावायचं, बोटांनी कडा सैल करायच्या, थांबायचं. कालवडीनं कळ दिली की खाली, तिच्या खुरांच्या दिशेनं, जरासं ओढायचं. कळ गेली की हात सोडून द्यायचे. औषधाचा जोर ओसरला तशा कळांमधे फटी पडल्या, कालवडीला श्वास मिळू लागला. सुनेला श्वास घेताना बरगडीत सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. तिनं दात आवळून धरले. ऊन गोठ्याच्या दारातून आत आलं, भिंतीपर्यंत सरकत गेलं. आणि मग जीभ बाहेर काढलेलं एक निळसर तोंड दिसलं, एका मोठ्या कळेला कपाळ सुटलं, आणि मागचं सगळं अंग एकदम घसरत सुनेच्या मांडीवर आलं.

हालचाल नव्हती. सासूनं नाकातला चिकटा बोटांनी ओढून काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत घातली, पाठ खसाखसा चोळली. वासरू शिंकलं.

सून मोठ्यानं रडायला लागली. कपाळ फुटलं, बरगड्या मोडल्या तेव्हा ती रडली नव्हती.

"कालवडच आहे," सासू म्हणाली. "हात लावू नकोस आता. तिला चाटू दे."

पहिलारू उठली, लटपटली, वळली. आधी तिनं वासराकडे भूत बघितल्यासारखं पाहिलं. मग नाक लावलं, आणि घशातून एक बारीक, घोगरा हुंकार दिला. त्यानंतर ती चाटायची थांबलीच नाही. सून जरा जवळ गेली तर जन्मभर तिच्या हातून दूध प्यालेल्या त्या कालवडीनं मान खाली घालून शिंगं दाखवली.

"बघ, विसरली तुला," सासू हसली. "दूर राहा. पहिलारू वेडी असते या वेळेला."

मुकादम परत आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सदऱ्यावर, हातांवर, पहारीवर रक्त होतं. त्याचं स्वतःचं नव्हतं.

"काय केलंस?" आईनं विचारलं. "जिवंत आहे का तो?"

"तो घरात नव्हता." मुकादम धापा टाकत होता. "वळू होता अंगणात. त्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले. आता कुठल्या गाईवर चढतो बघू."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. "बांधलेला होता?"

"होता. मग?"

"बांधलेल्या जनावरावर पहार चालवलीस?" म्हातारीचा आवाज चढला नाही, पण तिनं लेकाशी असं बोललेलं सुनेनं कधी ऐकलं नव्हतं. "तुझ्या बापानंसुद्धा हे केलं नव्हतं रे."

"सरक बाजूला." त्यानं गोठ्यात पाहिलं. पेंढ्यावर वासरू चार पाय चार दिशांना करून उभं राहायचा प्रयत्न करत होतं. "हेच का ते? त्याचं पिल्लू माझ्या गोठ्यात नाचतंय."

पहिलारूनं चाटणं थांबवलं. दावं खुंट्याला बांधलेलं होतं, आखूड. ती वासराच्या आणि त्याच्या मधे आली, पण त्याच्यापर्यंत पोचण्याइतकं दावं लांब नव्हतं. तिनं हिसका दिला. मान वाकडी झाली, दावं ताणलं.

सून खुंट्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. उभं राहायची ताकद नव्हती.

"पुढं येऊ नका," ती म्हणाली. "नुकतीच व्यालीय ती."

मुकादमानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं पहार दोन्ही हातांत धरून खांद्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला.

सुनेनं खुंट्यावरची गाठ ओढली. एका हिसक्यात सुटणारी गाठ तिनंच मारली होती, रोज मारत होती. दावं सुटलं.

पहिलारूनं हंबरडाही फोडला नाही. मान खाली घालून ती सरळ गेली. पहार एकदा तिच्या खांद्यावर बसली, तिनं दखल घेतली नाही. पहिली धडक छातीत लागली आणि मुकादम दाराच्या फळीवर आपटला. दुसऱ्या धडकेला शिंग मांडीत घुसलं. तो खाली पडला, तेव्हा तिनं त्याला कपाळानं जमिनीवर दाबलं, गुडघे टेकले आणि रगडलं. बरगड्या मोडल्याचा आवाज दोघींनी ऐकला. तो "आई" म्हणून ओरडला. म्हातारी हलली नाही.

मग वासरू हंबरलं, अगदी बारीक. पहिलारू लगेच वळली, वासराकडे गेली आणि पुन्हा चाटायला लागली.

थोड्या वेळानं वरचा आला. सोबत पाच-सहा माणसं, हातात काठ्या, आणि मागं टोच्या, त्याच्या बाहीवर वळूचं रक्त. दारात पडलेला मुकादम बघून सगळे जागीच थांबले. काठ्या कुठं ठेवाव्यात ते त्यांना कळेना.

टोच्यानं मांडीवरची जखम दाबून बांधली. "वाचेल," तो म्हणाला. "पण चालेल असं वाटत नाही लवकर."

"कुणी केलं हे?" वरच्यानं विचारलं.

"गाईनं," सून म्हणाली. तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता. "मी सोडली तिला."

"खोटं बोलतेय," मुकादम जमिनीवरून म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याच्या तोंडातून फेस येत होता, तरी एवढ्या माणसांसमोर ते ऐकून घेणं त्याला जमेना. "दावं तुटलं. जुनं होतं. तुटलं."

"तुटलं नाही," सून म्हणाली. "मी गाठ सोडली. तुम्ही बघितलंत."

"आई, सांग यांना." त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला. "सांग, दावं तुटलं."

सगळे म्हातारीकडे बघायला लागले. ती सावकाश उठली. पहिलारूच्या मागं लोंबणारं दावं तिनं दुरूनच, तिला बिचकू न देता, टोकापर्यंत न्याहाळलं.

"धड आहे रे," ती लेकाला म्हणाली. "कुठं तुटलेलं नाही."

मग सुनेचा हात धरून तिनं तिला उभं केलं आणि टोच्याला हाक मारली. "याला उचलतील हे. तू आधी माझ्या सुनेच्या बरगड्या बघ."